जपून ठेवल्याचा दंड

गुरुवारी सकाळी व्हर्लिन कॅलिस्तने नेहमीसारखा पिठात नारळ खवला, चिमूटभर साखर घातली आणि मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. शाळेच्या स्वयंपाकघरात तिला आठला हजर व्हायचं असे. त्याआधी घरी दोन जाडजूड बेक, म्हणजे नारळाचे रोट, भाजायचे, एक आपण खायचा, दुसरा कुंपणावरून उर्सलीनला द्यायचा. नवरा गेल्यापासून हेच चाललं होतं. लेक किझी टोरांटोला गेल्यापासून तर सकाळी तोंड उघडायला तेवढं एकच निमित्त उरलं होतं.

"व्हर्लिन, जिवंत आहेस का गं? कोको निवतोय माझा!" कुंपणापलीकडून हाक आली.

"एवढी घाई असेल तर दुसरा नवरा कर."

"करीन की! पण बेक भाजून देणारा हवा. तसला आपल्या अरिमा गावात अजून जन्मायचाय."

व्हर्लिन हसत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"आई," किझीचा आवाज दबका होता, "कळा सुरू झाल्यात."

"अगं, अजून तीन आठवडे आहेत!"

"ते त्याला कोण सांगणार? दवाखान्यात ठेवून घेतलंय. उद्यापर्यंत होईल म्हणतात. आई, ये ना गं."

त्या 'ये ना'मध्ये दीड वर्षापूर्वीची एक दुपार होती. किझीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हाही ती एकटीच होती. तिने फोन लावला होता, पण बोलली नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि व्हर्लिन इकडे कान फोनला चिकटवून त्या श्वासाशीच बोलत होती. "पुढच्या वेळी तुझी पाठ मी चोळणार. मी असताना परक्या बाईचा हात तुझ्या पाठीला लागायचा नाही."

त्याच आठवड्यात तिने गल्लीतल्या भिशीत आपला नंबर आधी मागून घेतला. भिशी उर्सलीनकडे होती. तिने कारण विचारलं नाही, आणि बाकीच्यांनाही विचारू दिलं नाही. योगायोगाने बँकेत तेव्हा डॉलर आले होते. इथे डॉलर मासळीसारखे येतात. आले की घेऊन ठेवायचे, प्रवासाचं मागाहून बघायचं. रोख नोटा मिळेनात म्हणून तिने प्रवासाचं कार्ड घेतलं आणि त्यात दोनशे साठ डॉलर भरले.

"रोख पैशासारखंच समजा, टँटी," बँकेच्या खिडकीतली मिस पियेर म्हणाली होती. इथे मावशीच्या वयाच्या बाईला सगळे टँटीच म्हणतात. "जपून ठेवा म्हणजे झालं."

व्हर्लिनने जपलं. किझीच्या बारशाच्या टोपड्यात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. बँकेने सोबत दिलेला बारीक अक्षरांचा घडीचा कागदही तिने तिथेच ठेवला, न वाचता. दर रविवारी डबा उघडून ती बघायची, आहे ना? असायचं. पुढे किझीला पुन्हा दिवस गेले तेव्हा बाळंतपणाच्या तारखेचं तिकीट तिच्या मैत्रिणीने स्वस्तातलं काढून पाठवलं, पण कार्डाला व्हर्लिनने हात लावला नाही. ते वेळेला लागणार होतं. आता ती वेळ आली होती.

बाजारचौकातल्या प्रवास कचेरीतली मुलगी चटपटीत होती. "आज चारच्या विमानात एक जागा आहे. तारीख बदलायचे दोनशे चाळीस डॉलर. मात्र परकी कंपनी आहे, टँटी. अमेरिकन डॉलर, तेही कार्डावरच."

"कार्ड आहे," व्हर्लिन म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याजवळ नेमकी हवी ती वस्तू होती.

यंत्राने कार्ड नाकारलं. मुलीने पदराने पुसावं तसं ते बाहीला पुसून पुन्हा घातलं, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी कार्डच बंद झालं.

बँकेत मिस पियेरने पडद्यावर बघून सांगितलं, "दोनशे तीस आहेत. दहा कमी पडले."

"दोनशे साठ भरले होते मी. एक सेंटही खर्च केला नाही."

"म्हणूनच तर, टँटी. वर्षभर वापरलं नाही की पुढे दर महिन्याला पाच कापतात."

"कशाचे?"

"न वापरल्याचे."

व्हर्लिनला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "तूच म्हणाली होतीस ना, जपून ठेवा म्हणून?"

मिस पियेरने मान खाली घातली. "कार्ड आमचं नसतं, बाहेरच्या कंपनीचं असतं. आम्ही फक्त विकतो. मागे नंबर आहे, त्यांच्याकडून उघडून घ्या. आणि भर घालायला डॉलर नाहीत आज. यादीत नाव लिहू का?"

व्हर्लिन परत प्रवास कचेरीत गेली. "वरचे दहा मी माझ्या कार्डावरून घालते, तेवढेच आहेत त्यात," ती अनोळखी मुलगी म्हणाली. "तुम्ही फक्त ते उघडून आणा. अडीचपर्यंत जागा धरून ठेवते."

बँकेच्या पायरीवर बसून व्हर्लिनने नंबर फिरवला. आधी बाजा वाजला. मग एक यांत्रिक बाई म्हणाली की तुमचा फोन आम्हाला मोलाचा आहे. पुन्हा बाजा. समोर मक्याची कणसं भाजणारा तिच्याकडे बघत होता. रस्त्याने शाळा सुटलेली पोरं गेली. एरवी त्यांच्या ताटात तीच वाढायची. चाळीस मिनिटांनी खरा माणूस बोलला, तोही घोकलेलंच.

"आपल्या सुरक्षिततेसाठी एक प्रश्न. कार्डावर केलेली शेवटची खरेदी सांगा."

"काही घेतलंच नाही, बाळा. जपून ठेवलंय."

"शेवटची खरेदी सांगा, मॅडम."

"अरे, नाही केली रे! तुमच्याकडे दिसत नाही का? माझी लेक बाळंत होतेय तिकडे."

"उत्तर जुळत नाही. आपल्या सुरक्षिततेसाठी कार्ड बहात्तर तास बंद राहील. आणखी काही मदत—"

फोनमधले पैसे संपले.

हातातला फोन लगेच वाजला. किझी. "आई, निघालीस ना? शेजारच्या ओकाफोर काकू म्हणत होत्या, मी बसते तुझ्याजवळ. मी म्हटलं, राहू द्या, माझी आई येतेय."

खरं सांगायची वेळ तीच होती. पण ते पैसे भिशीचे होते, गल्लीच्या विश्वासाचे, आणि लेक कळा सोसत होती. शिकलेल्या पोरीला आपल्या आईला कुणी फसवलं हे कसं सांगायचं?

"हो गं," ती म्हणाली. "निघतेच आहे."

चारचं विमान चारला गेलं. फोनमध्ये पैसे भरायची टपरी समोरच होती. व्हर्लिन तिच्यासमोरून दोनदा गेली, थांबली नाही.

शुक्रवारी आठला किझीचा फोन आला. "मुलगी आहे. सहा वाजून दहा मिनिटांनी झाली. नाक तुझ्यासारखं आहे, बिचारीचं." मग पलीकडून बाळाचं चुटूचुटू ऐकू आलं. "मी दाराकडेच बघत होते, आई. नर्स म्हणाली, कोण यायचंय? मी सांगितलं, आई. विमानात आहे."

या वेळी नुसता श्वास व्हर्लिनचा होता.

शनिवारी बेक झाला नाही, रविवारीही नाही. सोमवारी उर्सलीन कुंपणाला वळसा घालून थेट स्वयंपाकघरात आली. "दोन दिवस सुक्या पावावर काढले मी. मेलीस की रुसलीस?"

व्हर्लिनने टोपडं उलगडून कार्ड तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं.

उर्सलीन खुर्चीत बसली. कार्ड उलटसुलट करून बघत म्हणाली, "माझ्याकडेपण आहे असलं. धाकट्याच्या लग्नाला न्यूयॉर्कला गेले होते, त्यातले पन्नास उरले होते. कापत कापत गिळले मेल्यांनी. कुणाला बोलले नाही. सगळ्या गल्लीचे पैसे सांभाळणारी बाई, आणि तिला चिटोऱ्याने टोपी घातली! लोक काय म्हणतील?"

"मला तरी सांगायचंस."

"आणि तू? गुरुवारी कुंपणावरून एक हाक मारली असतीस, तर आख्खी गल्ली कार्डं शोधत फिरली असती, बये!"

त्या दुपारी दोघी दारोदार गेल्या. जोआकिम मास्तरांकडे एक बंद कार्ड निघालं, शिंपिणीकडे एक. बावीस घरांत सात. भिंतीला भिंत लागून सात घरांनी एकच फसवणूक सात वेगवेगळ्या कपाटांत लपवली होती. जो तो समजत होता, मूर्ख एकटे आपणच. कंपनीची खरी कमाई त्या पाच डॉलरांत नव्हती, या लाजेत होती. ती तुमच्याआमच्या कपाटातही असेल.

मंगळवारी सकाळी दोघींनी बँकेत तक्रार लिहून दिली. दुपारी बोलावणं आलं तेव्हा रांग दारापर्यंत होती. डॉलर आले होते. मॅनेजर लेझामा यांनी दोघींना आत बसवलं आणि थंड पाणी मागवलं.

"तुमच्यासाठी मी कंपनीशी बोललो," ते म्हणाले. "तीस डॉलर परत मिळतील. खास बाब म्हणून. फक्त इथे सही करा. तक्रार मिटली, आणि याची कुठे वाच्यता करणार नाही, एवढंच लिहिलंय त्यात."

कागदावर एक चौकट होती: *झालेले नुकसान.* लेझामांनी त्यात तीसचा आकडा आधीच भरून ठेवला होता.

व्हर्लिनने पेन घेतलं. तीसवर काट मारली आणि पोरांच्या ताटात वाढावं तशा सावकाशीने खाली लिहिलं: *शुक्रवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.*

"हे काय?" लेझामा गोंधळले.

"माझं नुकसान. ते परत देत असाल तर सही करते."

उर्सलीनने तिचा दंड घट्ट धरला. सही न केलेला कागद टेबलावर तसाच राहिला. व्हर्लिन बाहेर आली, पिशवीतून तो बारीक अक्षरांचा घडीचा कागद काढला आणि रांगेच्या तोंडाशी उभी राहिली. आयुष्यभर दीडशे पोरांना जेवायला हाका मारलेला तो आवाज होता. तो दारापर्यंत सहज पोचला.

"कलम अकरा," तिने वाचायला सुरुवात केली. "कार्ड बारा महिने न वापरल्यास..."

"टँटी, इथे हे चालत नाही," मिस पियेर खिडकीतून म्हणाली. तिच्या म्हणण्यात जोर नव्हता.

रांगेत कडेवर लेकरू घेतलेली एक पोरगेली बाई होती. प्रवासाच्या कार्डाचा अर्ज भरता भरता तिचं पेन थांबलं. "जरा मोठ्याने, टँटी," ती म्हणाली. "मागे ऐकू येत नाही."

व्हर्लिनने कलम अकरा पहिल्यापासून वाचलं.