दोरीवर अडकलेला खेळ

मी एक जुना खेळ आहे. मित्रांनो, हसू नका. संगणकावरच्या खेळांमध्ये तीन वर्षांचा म्हणजे म्हाताराच. मला खेळायला पैसे पडत नाहीत, आणि फुकटच्या वस्तूला लोक किती बोलतात ते मला विचारा.

मला वहिनींनी घडवलं. त्यांची नणंद त्यांना वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. दिवसा त्या छापखान्यात पुस्तकांची पानं लावायच्या आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर मला घेऊन बसायच्या. शर्टावरून तुटलेलं एक बटण घरभर उड्या मारत आपला शर्ट शोधतं, एवढीच माझी गोष्ट. चित्रं नणंदेची. मला लोकांसमोर ठेवलं त्या दिवशी दोघींनी एकमेकींना मिठी मारली. माझी तर छाती फुगली होती.

सुरुवातीला कौतुक झालं. मग लोक तिसऱ्या टप्प्यावर पोचले आणि माझे ग्रह फिरले. तिथे कपडे वाळत घालायच्या दोरीवरून खिडकीत उडी मारायची असते. बटण दोरीवर उतरलं की दोरी हेलकावे खाते. वहिनींनी ती उडी इतक्या वेळा मारली होती, की दोरी स्थिर होईपर्यंत त्यांची बोटं आपोआप थांबायची. आपण थांबतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग सांगणार कुणाला? लोक घाई करायचे, पडायचे आणि खाली लिहायचे, "भंगार." "बनवणाऱ्याला अक्कल नाही."

वहिनी रोज ते वाचायच्या. एका रविवारी त्यांनी मला कायमचं पुसून टाकायचं पान उघडलं.

"काढून टाकते याला. बास झालं."

"वहिनी, थांब ना गं," नणंद म्हणाली. "एक बाई आत्ता इंटरनेटवर सगळ्यांसमोर हाच खेळ खेळतेय. एवढं बघू, मग काय ते कर."

पडद्याच्या एका बाजूला ती बाई, दुसऱ्या बाजूला मला पुसणारा लाल चौकोन. ती पडली. पुन्हा पडली. बघणारे लिहीत होते, "सोड, फालतू आहे." माझा जीव टांगणीला लागला. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे? वहिनींचं बोट चौकोनापाशी आलं.

"दमले बाई," ती म्हणाली. तिने हात काढून घेतले आणि पाण्याचा पेला उचलला. बटण दोरीवरच होतं. दोरी हलली, कमी हलली, थांबली. पाणी पिता पिता ती बघतच राहिली.

"अगं बाई! थांबायचं असतं होय इथे?"

पेला ठेवून तिने उडी मारली. बटण थेट खिडकीत!

नणंद किंचाळलीच. वहिनींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"हे मी कुठे सांगितलंच नाही गं," त्या पुटपुटल्या. "लोकांचं काय चुकलं?"

त्यांनी ते पान बंद केलं. पुढच्या आठवड्यात नणंदेने एक चिमणी काढली. दोरी थांबली की ती येऊन दोरीवर बसते, आणि मग उडी कधी मारायची ते लहान मुलांनाही कळतं.

मित्रांनो, मला खुशाल नावं ठेवा. फक्त कुठे पडलात तेवढं लिहा. त्या बाईच्या आधी शेकडो लोक त्याच दोरीवरून पडले होते. त्यांच्यातल्या एकाने जरी तेवढं लिहिलं असतं, तरी वहिनींचं बोट त्या चौकोनापर्यंत गेलं नसतं.