पुन्हा घडलं नाही

नणंद नर्स आहे; तिला दवाखान्याने घरी बसवलं, त्याला आज चार दिवस झाले. रुग्णाला ठरावीक मात्रेत औषध सोडणारं यंत्र असतं, त्याचं बटण तिने दोनदा दाबलं, असा ठपका. पेशंट अजून शुद्धीवर नाही. उद्या चौकशी.

"वहिनी, एकदाच दाबलं गं," ती दिवसभर हेच घोकते.

त्या यंत्राचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं, आणि दुखणं असं की ते तपासणारी मीच. मागून आणलेली पुस्तकं वाचून शिकले. कोर्सबिर्स काही नाही. म्हणून की काय, नियमाला जरा जास्तच धरून. साहेबांनी जुन्या तक्रारी वाचायला बसवलं होतं: बिघाड चाचणीतून निसटतात कसे, ते शोध म्हणाले. तीन वेगळ्या दवाखान्यांची एकच तक्रार सापडली. बटण एकदा दाबलं, नोंद दोनदा झाली. तिन्ही तक्रारी बंद. शेरा एकच: 'करून पाहिलं, पुन्हा घडलं नाही.' खाली सही माझी.

खोटं नव्हतं ते. प्रत्येक वेळी शंभरदा दाबलं होतं, बोट सुजायचं तेवढं बाकी होतं.

घरी नणंदेला फोन लावला. "तू बटण दाबतेस कशी?"

"बोटाने. नाकाने दाबू?"

"नीट सांग ना, बाई."

"हातमोजे असतात. वरून जंतुनाशक चोळलेलं. ओलसर असतं, बोट घसरतं जरा."

मी दाबलं होतं कोरड्या, उघड्या बोटाने, खुर्चीत बसून.

सफाईवाल्या मावशींकडून मोजे मागून घेतले, ओले केले. शेजारचा प्रोग्रामर हसला, "काय मॅडम, भांडी घासायची का?" अकराव्या खेपेला पडद्यावर दोन मात्रा उमटल्या. त्याचं हसू तिथेच विरलं.

साहेब हळूच म्हणाले, "चौकशी होऊन जाऊ दे, मग लिही. सही तुझी आहे, विसरू नकोस."

"तीच वाचून आलेय, साहेब."

तिन्ही तक्रारी पुन्हा उघडल्या, नणंदेची चौथी घातली आणि चौकशी समितीला सगळं पाठवून दिलं.

संध्याकाळी नणंदेला सांगितलं. वाटलं, गळ्यात पडेल. ती पोटभर रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "पहिली तक्रार कधीची?"

"दोन वर्षं झाली."

"तेव्हा कुणाला विचारलं का नाहीस?"

तिने वॉर्डात फोन लावला. पलीकडची बाई बोलेपर्यंत आम्ही दोघी उभ्याच.

"पेशंट अजून तसेच आहेत," म्हणून तिने फोन ठेवला.