नसलेला उपास

"सुई सरळ आत, सरळ बाहेर. वाकवायची नाय हां वहिनी, लगेच मोडते," असं म्हणत नफिसाने यशोदाबाईंच्या पुढ्यातल्या फोमच्या तुकड्यावर पांढऱ्या लोकरीचा गोळा ठेवला.

नेरूळच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिला मंडळाच्या सात जणी सतरंजीवर बसल्या होत्या. नफिसा तिसऱ्या मजल्यावरची, मूळची रायगडकडची. इंग्लंडातल्या नणंदेकडे राहून ही कला शिकून आलेली. दोरा नाही, विणणं नाही, सुईला नेढंसुद्धा नाही. टोकाशी नुसत्या बारीक खाचा. टोचत राहिलं की मऊ लोकर आतल्या आत गुंतून घट्ट होते आणि बघता बघता तिची चिमणी होते.

यशोदाबाईंना घरून निघताना जरा अडखळल्यासारखं झालं होतं. त्यांचे नेम कडक. रोज पोथीचा अध्याय, सोमवारी उपास, परक्या घरचं सहसा खायचं नाही. पण लोकरीला विटाळ नसतो, असं सासूबाई सांगत. पूजेला त्या लोकरीची धाबळीच नेसायच्या. त्या आधारावर यशोदाबाई आल्या होत्या. आता एकेका टोच्याला मनातल्या मनात एकेक नाम घेत होत्या. राम, राम. सुई खाली, सुई वर. गोळ्याला चोच फुटली तेव्हा तर त्यांना लहान मुलीसारखं हसू आलं.

"बघा बघा, यशोदाबाईंची चिमणी उडणार आता!" मंडळाची सेक्रेटरी अरुणा ओरडली. "माझा मेला बटाटेवडा झालाय."

"चटणी लावून घरी ने," कुणीतरी म्हणालं. हसता हसता अरुणाने चकल्यांचा डबा फिरवला. यशोदाबाईंनी दोन चकल्या खाल्ल्या. अरुणा काही परकी नव्हती.

मग नफिसाने पिशवीतून आपला स्टीलचा डबा काढला आणि पहिल्यांदा यशोदाबाईंपुढे धरला.

"नारळाच्या वड्या हायत. तुमी येणार म्हणून मुद्दाम नवं पातेलं काढलं. नारळ आणि साखर, दुसरं काय नाय. घ्या ना, वहिनी."

यशोदाबाईंचा हात आपसूक मांडीखाली गेला.

"माझा उपास आहे गं आज."

"उपास?" अरुणाला राहवलं नाही. "मंगळवारी कसला उपास? आणि आत्ता माझ्या दोन चकल्या हाणल्यात त्या?"

हॉलमध्ये एकदम पंख्याचा आवाज मोठा झाला. बायका आपापल्या लोकरीत डोकं घालून बसल्या. यशोदाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"असेल त्यांचा काय नेम," नफिसाच पटकन म्हणाली. "बायांचे नेम काय सगळे कॅलेंडरात लिवलेले असतात?" आणि तिने डबा पुढे सरकवला. बाकीच्यांनी वड्या घेतल्या. अरुणाने तर दोन.

तिने सावरून घेतलं, तेच जास्त लागलं. लग्न होऊन बावीस वर्षं झाली. तापातसुद्धा त्यांनी सोमवार मोडला नव्हता. उपास मोडला तर काय करायचं ते ठाऊक होतं. नसलेला उपास देवाच्या नावावर खपवला, त्याला काय करायचं, हे कुठल्याच पोथीत वाचलेलं नव्हतं. सुई पुन्हा हातात घेतली, पण नाम ओठांवर येईना. नुसतंच टोचत राहिल्या, भराभर, तिरकं.

कट्.

"अगं बाई! मोडली."

"असू दे. पयल्या दिवशी मोडतेच," नफिसा जवळ येऊन बसली. "टोक आत ऱ्हायलंय. काढायला पायजे, नायतर कुणाला तरी लागेल."

तिने चिमणी उलगडायला घेतली. चोच गेली, पंख गेले. बोटांनी चाचपत तिने लोकर तंतू-तंतू मोकळी केली. मध्येच ती "स्स" करून थांबली. पांढऱ्या लोकरीवर लाल ठिपका उमटला.

"लागलं का गं?"

"नाय हो. सापडलं बघा." तिने ते टोक कागदात गुंडाळलं.

यशोदाबाई नुसत्या बघत राहिल्या. तिचं बोट आपल्या पदरात धरावं असं फार वाटलं. हात काही उचलला गेला नाही.

सहा वाजता बायका पांगल्या. अरुणा जाताना "उद्या भेटू, उपासवाल्या बाई!" म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं. यशोदाबाई सतरंजी काढायच्या निमित्ताने मागे राहिल्या. नफिसा सुया मोजून कापडात खोचत होती.

"नफिसा."

"बोला, वहिनी."

"मघाशी मी खोटं बोलले. उपास-बिपास काही नव्हता." प्रसादाला करतात तसा उजवा तळवा त्यांनी पुढे केला. "एक वडी दे मला."

नफिसाने त्या तळव्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं.

"संपल्या, वहिनी," ती हळूच म्हणाली.

तिने डबा उचलून पिशवीत ठेवला. ठेवताना तो जरा कलला आणि आतून दोन-तीन वड्या स्टीलवर आपटल्याचा आवाज आला. दोघींनीही तो ऐकला.

"पुढच्या मंगळवारी या हां," नफिसा म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

"येते."

यशोदाबाईंचा हात अजून तसाच पुढे होता. तो त्यांनी हळूहळू मिटला आणि खाली वाकून एकटीनेच सतरंजीची घडी घालायला घेतली.