बुटांवरचा डबा

मी चारुताचा डबा बोलतोय. पनवेलच्या बाजारात दुकानदाराने माझ्या झाकणावर 'चि. चारुता, १९९२' असं कोरलं आणि मी ऐटीत घरी आलो. ऐट पहिल्याच दिवशी उतरली. बाईसाहेब मला शाळेतच विसरल्या!

मग काय, कधी बसस्टॉपवर, कधी भाजीवाल्या कमळाबाईंच्या टोपलीपाशी माझा मुक्काम. कमळाबाई मला घरी पोचवायच्या, तेही मूठभर वाल घालून. "रिकामा डबा आमी देत नाय, ताई. पोरीला वरडू नका. कुत्र्याच्या पिल्लाला पाणी पाजीत बसली, डबा ऱ्हायला. मन चांगला हाय तिचा."

पण आई, म्हणजे कुमुदताई, ओरडायच्याच. गणितं अर्धवट, वह्या घरी, वर्गात सारखी चुळबुळ. शाळेतल्या बाईंनी सांगूनच टाकलं, "असंच चाललं तर वार्षिकनंतर तिसरीतच बसेल."

चारुता रडत म्हणाली, "आई, मी रोज ठरवते गं. पण ठरवलेलंच निसटतं." मला त्या पोरीची फार माया आली. एवढी बोलणी खाऊन ती रोज नव्याने ठरवायची!

शेवटी ताई तिला मुंबईला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात. हा आळस नाही आणि वांडपणाही नाही. लक्ष एका जागी टिकत नाही तिचं. एका वेळी एकच काम सांगा. आणि विसरायची वस्तू जाता जाता आडवी येईल अशी ठेवा."

दुसऱ्या दिवशी चारुताने मला कुठे ठेवावं? दारातल्या बुटांवर!

"अगं, अन्न आहे ते! पायताणावर ठेवतात?" ताईंनी मला उचलून ओट्यावर ठेवलं. चारुता रिकाम्या हातांनी शाळेत गेली.

मला ओट्यावर तसाच पाहून ताईंना डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी बुटांवर धुतलेला रुमाल अंथरला, "अन्नपूर्णे, माफ कर" म्हणून मला हात जोडले आणि स्वतःच मला तिथे ठेवलं. त्या माउलीला माझा तेव्हापासून नमस्कार आहे.

चारुता वर्गाबरोबर चौथीत गेली. आता ती कॉलेजात आहे. माझं झाकण सैल झालंय, अंगावर पोचे आहेत. तुमच्या घरी अशी कुणी असेल, तर ओरडण्याआधी एकदा तिचे बूट कुठे आहेत ते बघा.

परवा ताईंनी माझ्यात बेसनाचे लाडू भरले आणि चारुताला कमळाबाईंकडे पाठवलं. संध्याकाळी मी तिच्याच हातातून परत आलो, वालासकट. छत्री मात्र तिकडेच राहिली.

ताई हसल्या. म्हणाल्या, "राहू दे. आणतील कमळाबाई."