हातोड्या आणि तारा यांच्या मधली मी

मित्रांनो, मी एका जुन्या पियानोच्या पोटातली फेल्टची पट्टी आहे. तुम्हांला मित्र म्हणते ते केवळ रीत म्हणून. पियानोच्या चकाकत्या लाकडाचं तुम्ही कौतुक करता, त्याच्या काळ्या-पांढऱ्या दातांसमोर बसून फोटो काढता. झाकण उघडून मला कुणी बघितल्याचं मात्र आठवत नाही.

माझं काम सांगते. पियानोत प्रत्येक स्वराला एक हातोडी असते. बोटानं दाबलं की ती तारेवर आदळते आणि स्वर उमटतो. मधलं पेडल दाबून खाचेत अडकवलं, की मी वरून खाली उतरते आणि हातोड्या व तारा यांच्या मध्ये लोंबत राहते. मग हातोडी आधी मला लागते आणि खोलीत पुसट, गुदमरलेला आवाज जातो. मार मी खायचा आणि आवाज मेला म्हणून शिव्याही मीच खायच्या.

मी मेंढीच्या लोकरीची. जपानमधल्या एका कारखान्यात मला वाफेवर धरलं, रगडलं, दाबून दाबून सपाट केलं आणि एका लोखंडी सळईला घट्ट बसवलं. तिथल्या एका शाळेनं आमचा पियानो वापरून टाकून दिला. मग कंटेनरमधून आम्ही खोर फक्कानच्या बंदरावर उतरलो आणि तिथून दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका गोदामात जुन्या फर्निचरच्या रांगेत उभे राहिलो. गोदामवाला यूनुसभाई गिऱ्हाइकाला पहिल्यांदा मलाच दाखवायचा.

"मॅडम, ये बीचवाला पेडल दबाओ. बाजूवाले को पता भी नहीं चलेगा कि घर में पियानो है!"

कॉन्सेप्टानं ते दाबून पाहिलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "विली, हाच घेऊ."

माझी एवढी एकच प्रशंसा झाली. तीसुद्धा मी आवाज मारते म्हणून.

कॉन्सेप्टा वसईची. लग्नाआधी चर्चमध्ये वाजवायची. विली दुबईतल्या एका हॉटेलात रात्रपाळीला, हिशेबाच्या टेबलावर. सकाळी घरी यायचा, जेवायचा आणि पडदे ओढून संध्याकाळपर्यंत झोपायचा. इंटरनॅशनल सिटीतला त्यांचा फ्लॅट एका बेडरूमचा. पियानोला जागा मिळाली ती हॉलमध्ये, बेडरूमच्याच भिंतीला टेकून. पलीकडे विलीचं डोकं, अलीकडे त्यांची मुलगी अ‍ॅशले, आणि मध्ये मी. त्या घरात आल्यापासून मधलं पेडल खाचेतून निघालंच नाही.

दुपारी शाळेतून आली की अ‍ॅशलेचा धडा सुरू व्हायचा. थोडी मोठी झाल्यावर ती सोनाटे शिकू लागली. सोनाटा म्हणजे तीन-चार भागांची लांबलचक रचना. एक बसवायला महिनेच्या महिने जातात. म्हणून पुढचा निवडायचा दिवस त्या घरात सणासारखा असे. कॉन्सेप्टा दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडायची, दोन्हींचं पहिलं पान वाजवायची आणि हात पुसत म्हणायची, "यल्ला, चल बोल. पुढचा कोणता?"

अ‍ॅशले कपाटावर ठेवलेल्या तिसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवायची. "दॅट वन."

तो बीथोव्हेनचा सी मायनरमधला सोनाटा होता. पहिल्याच ओळीपासून दोन्ही हातांनी घणाघात.

"तो अजून तुझ्या हाताचा नाही, अ‍ॅशू."

"मग कधी होणार?"

"होईल. आता हायडनचा घे. गोड आहे."

मित्रांनो, हे खोटं होतं. अ‍ॅशले शाळेत असताना कॉन्सेप्टानं एकदा तोच सोनाटा स्वतः वाजवून पाहिला होता. मी मध्ये होते, तरी भिंत हादरली. गालावर उशीची घडी उमटलेला विली दारात आला.

"कोनी, काय चाललंय? रात्रभर गेस्टची कटकट, घरी आलो तर हे!"

"अ‍ॅशूला हा शिकायचाय."

"मग मी कुठे झोपू? पार्किंगमध्ये?"

कॉन्सेप्टानं पुस्तक मिटलं. "नाही शिकवत. पण तिला तुझं नाव नको सांगूस. तुझ्या झोपेपायी म्हटलं तर ती तुझ्यावर डूख धरेल. आधीच तू तिला आठवड्यातून एकदाच धड भेटतोस. माझा राग केला तर चालेल, मी दिवसभर तिच्याजवळ असते."

विली जांभई देत म्हणाला, "तुला पटेल ते कर." आणि झोपायला गेला. माझा त्या माणसावरचा राग तेव्हापासूनचा आहे. भिंतीपलीकडे त्याचं घोरणं सुरू झालं, की मला सळईवरून निसटून थेट त्याच्या नाकावर पडावंसं वाटे.

मग शारजाला एक स्पर्धा झाली. तिथलं मी घरच्या बोलण्यातून ऐकलं. अ‍ॅशलेचा हायडन पक्का बसला होता. पण तिथल्या उघड्या पियानोत माझ्यासारखी कुणी नव्हती. पहिलाच स्वर एवढा मोठा निघाला की ती दचकली, आणि पुढचा सगळा सोनाटा तिनं दबकत दबकत वाजवला. परीक्षक म्हणाले, बोटं छान आहेत, पण ही मुलगी आवाजाला घाबरते.

घरी येऊन तिनं पुस्तकं सोफ्यावर फेकली. "तू मला घाबरट केलंस, मम्मा! तुला वाटतच नाही मला काही जमेल."

कॉन्सेप्टानं पुस्तकं उचलून नीट लावली. बेडरूमचं दार बंद होतं.

त्यानंतर त्या घरात पियानो वाजला तो भांडल्यासारखा. अ‍ॅशले कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी सुट्टीच्या दुपारी वाजवायची. आईकडे पाठ करून, हातोड्या माझ्यावर आपटत. मला मध्येच खड्डे पडले, लोकर सुटू लागली.

कॉन्सेप्टा आजारी पडली. सोफ्यावर पडून ऐकायची. अ‍ॅशलेनं एक सोनाटा संपवला, तेव्हा तिनं जुन्या सवयीनं विचारलं, "पुढचा कोणता?"

"तूच सांग. नेहमी तूच ठरवतेस ना?"

"हायडनच घे अजून एक."

अ‍ॅशलेनं झाकण आपटलं. दोन दिवसांनी कॉन्सेप्टाला हॉस्पिटलमध्ये नेलं. ती परत आली नाही.

वसईत मातीला जाऊन बापलेक परतले. तिच्या चपला दारात तशाच होत्या. कुणी हलवल्या नाहीत. पहिल्याच सुट्टीच्या दुपारी अ‍ॅशलेनं खुर्चीवर चढून कपाटावरचं पुस्तक काढलं आणि सी मायनरवर तुटून पडली. पेडल सवयीनं खाचेतच होतं. मी मधोमध टरकले. एक चिंधी तारांवर लोंबू लागली, तरी ती थांबेना.

विली बाहेर आला. "हळू, अ‍ॅशू."

"का? आता कोण म्हणणार आहे, तुझ्या हाताचा नाही? हा मी शिकणार. तिला दाखवायला शिकणार."

"तिला काय दाखवतेस?"

"की जमतं मला! आयुष्यभर तिला वाटलं, आय वॉज नॉट गुड इनफ. शेवटच्या दिवशीसुद्धा हायडन!"

विली भिंतीला टेकला. "तिला तसं कधीच वाटलं नव्हतं."

"तुला काय माहीत? तू झोपलेला असायचास."

"म्हणूनच," विली म्हणाला. "मी झोपलेला असायचो म्हणूनच. माझी झोप मोडायची. तिनं ते स्वतःवर घेतलं. तू माझा राग करू नयेस म्हणून."

अ‍ॅशले त्याच्याकडे वळून बसली.

"आणि तू ते घेऊ दिलंस?"

"हो."

"शारजाहून आले तेव्हा?"

"जागा होतो. सगळं ऐकलं."

"मग बाहेर का नाही आलास, डॅडी?"

"मला बरं पडत होतं," विली म्हणाला.

मला वाटलं, आता ती पुस्तक त्याच्या अंगावर फेकणार. तिनं ते शांतपणे मिटलं. "तू सांग मग. पुढचा कोणता?"

"मला काय कळतं त्यातलं? भिंतीतून सगळे सारखेच ऐकू यायचे."

अ‍ॅशले उठली. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून तिनं पियानोशेजारी ठेवली. "बस इथे. पहिल्यापासून वाजवते. तिनं शिकवलेला एकेक. दर शुक्रवारच्या सुट्टीला. झोपायचं नाही."

"अ‍ॅशू, आज रात्री ड्युटी..."

"झोपायचं नाही म्हटलं ना."

तो बसला. तिनं अगदी पहिलं, लहानपणीचं पातळ पुस्तक उघडलं. त्यावर कॉन्सेप्टाच्या पेन्सिलीनं बोटांचे आकडे होते. मग पाय पुढे करून तिनं मधलं पेडल खाचेतून सोडवलं. गंजलेली स्प्रिंग किंचाळली आणि मी इतक्या वर्षांनी वर उचलली गेले.

पहिला स्वर निघाला. ती दचकली. पण थांबली नाही. तो सोपासा, मुलांचा सोनाटा पूर्ण आवाजात घरभर पसरला, दारातल्या चपलांपर्यंत. विलीनं दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घट्ट धरले होते. त्याला काय वाटत होतं, ते मी सांगणार नाही. मला त्याची दया यायला अजून वेळ लागेल.

शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. अ‍ॅशलेनं पान उलटलं.

मित्रांनो, आता मी वर लटकते आहे, फाटलेली. मला शिवू नका; शिवलेली पट्टी तारांना अडकते. नवी बसवा. घर लहान असतं, कुणाला तरी झोप हवी असते. मधलं पेडल दाबावं लागतं, मला ठाऊक आहे. खुशाल दाबा. पण भिंतीपलीकडे कोण झोपलं आहे, ते वाजवणाऱ्या मुलीला सांगून दाबा. आणि तुम्हीच पलीकडे झोपलेले असाल, तर वेळेवर उठून बाहेर या.