नऊ होड्यांचा रविवार

शनिवारी संध्याकाळपासून लुसेआनेचा पाय एका जागी ठरत नव्हता. स्वयंपाकघरातून व्हरांड्यापर्यंत, तिथून परत आत. आईने अळूची पानं निवडता निवडता दोनदा वर पाहिलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "बस गं कुठेतरी. तुझ्याकडे बघून मलाच चक्कर यायला लागली."

बसणार कशी? तिच्या डोक्यात नऊ होड्या फिरत होत्या.

लुसेआने ऑकलंडच्या एका छोट्या कंपनीत गेम बनवायची. गेम समुद्राचा होता. हजारो लोक आपापल्या देशांतून एकाच पाण्यात होड्या हाकायचे, टोळ्या करायचे, बेटं शोधायचे. अधूनमधून खेळाडूंसाठी बोनसच्या मोहिमा निघत. त्या कशा असाव्यात, कोणाला काय मिळावं आणि कोणावर अन्याय होऊ नये, हे ठरवणं लुसेआनेचं काम. सहा वर्षं ती हेच करत होती, आणि सगळ्यांना एकच माप लावते असं तिचं नाव होतं.

या वेळची मोहीम चौदा दिवसांची होती. टोळीतल्या प्रत्येकाने रोज एक फेरी मारायची. एकाचाही एक दिवस चुकला, की अख्खी टोळी शून्यावर. चौदा दिवस पुरे करणाऱ्या टोळीला आपल्या हाताने काढलेली नक्षी शिडावर चढवता येणार होती, कायमची, साऱ्या जगाला दिसेल अशी.

आता चौदा दिवसांत रविवार किती येतात, हे मोजायला गणिताचा पंडित लागत नाही. आणि टोंगाच्या बेटांवर रविवारी काय चालतं, हे लुसेआनेइतकं त्या ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. काहीच चालत नाही. दुकान नाही, खेळ नाही, होडी नाही. चर्च, जेवण, झोप, पुन्हा चर्च.

तिथे, वावाउ बेटांवरच्या नेइआफू गावात, तिची आत्या कालोलाइने राहत होती. वय अठ्ठावन्न. झाडाची साल कुटून कापड करणाऱ्या बायकांच्या मंडळाची ती मुख्य. दुपारपर्यंत साल कुटायची आणि मग नऊजणींनी फोन घेऊन गेम खेळायचा, हा त्यांचा दोन वर्षांचा नेम. या मोहिमेतही सोमवार ते शनिवार सहा दिवस त्यांनी एक फेरी चुकवली नव्हती. त्यांना शिडावर लुसेआनेच्या आजीची नक्षी हवी होती. दोन पक्षी, त्यातल्या एकाचा पंख जरासा वाकडा. आजी गेली, नक्षीचा साचा वाळवीने खाल्ला. आता ती नक्षी फक्त एका कापडावर उरली होती, आणि त्या कापडाच्याही घड्या फाटत चालल्या होत्या.

दुपारी आत्याचा फोन येऊन गेला होता.

"उद्या आम्ही येणार नाही," आत्या म्हणाली होती. "तुझ्या कानावर असावं म्हणून सांगते."

"आत्या, एक दिवस चुकला तर..."

"मला वाचता येतं. आईला विचारलं म्हणून सांग." आणि फोन बंद.

टोंगाच्या माणसांत बापाची बहीण म्हणजे घरातला शेवटचा शब्द. तिने मागितलं की भावाच्या मुलांनी द्यायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. आत्या 'माझ्यासाठी हे कर' असं कधी म्हणतच नाही. ती फक्त कानावर घालते, बाकीचं समोरच्याने समजून घ्यायचं. लुसेआनेने समजून घेतलं, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

पण खरी बोच वेगळीच होती. मोहिमेच्या पहिल्या मसुद्यात तिने दोन मुक्कामाचे दिवस ठेवले होते. कोणत्याही टोळीने कोणतेही दोन दिवस थांबावं, कारण विचारायचं नाही. मग तिने स्वतःच ती ओळ खोडली. चौदा दिवसांत दोन रविवार आणि दोनच मुक्काम, हे तिची साहेबीण पिप बरोबर हेरणार आणि म्हणणार, आपला तो बाळ्या. कोणी म्हटलं नव्हतं. पण लुसेआनेने ते आधीच ऐकलं, आणि निःपक्षपाती दिसण्याच्या नादात आपल्याच माणसांवर अन्याय करून मोकळी झाली.

रविवारी सकाळी आई पांढरा पोशाख घालून, टोंगाच्या रीतीप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून दारात उभी राहिली.

"तयार नाही झालीस?"

"सर्व्हर बिघडलाय, आई. बसावं लागणार."

"पुन्हा?"

"पुन्हा."

आईने उसासा टाकला आणि शेजारणीच्या गाडीत जाऊन बसली. सर्व्हर अगदी ठणठणीत होता. तीन वर्षं तो दर रविवारी बिघडत होता आणि सोमवारी आपोआप बरा होत होता.

घर रिकामं झालं. लुसेआनेने लॅपटॉप उघडला, मिटला, चहा टाकला, तसाच सोडला. पुन्हा उघडला. कंपनीच्या आतल्या पानावर सवलतीचा एक रकाना होता. कुठे वादळ झालं, समुद्राखालची इंटरनेटची तार तुटली, तर त्या भागातल्या टोळीचा दिवस भरलेला धरायचा. वावाउची तार तर येता-जाता तुटायची. कोणाला शंका येणार?

तिने टोळीचं नाव शोधलं. कारणांच्या यादीत 'इंटरनेट बंद' निवडलं. बोट बटणावर ठेवलं, उचललं, खिडकीपाशी जाऊन आली आणि दाबलं. सहाचे सात झाले. तिला हलकं वाटायला हवं होतं. उलट ती दिवसभर भांडी घासत राहिली. जी स्वच्छ होती तीसुद्धा.

सोमवारी ऑफिसात पहिलंच पत्र फिजीच्या सुवा शहरातून. एका टोळीच्या पुढाऱ्याने लिहिलं होतं: आमच्यातली एक नर्स आहे, रविवारी तिची बदली आली नाही म्हणून तिने सलग दोन पाळ्या केल्या, होडी हाकायला वेळ झाला नाही. आम्ही बाराजण शून्यावर आलो. आमची तक्रार नाही, फक्त विचारतो, यात काही होऊ शकतं का?

अशा पत्राला ठरलेलं उत्तर होतं, लुसेआनेनेच लिहिलेलं. नियम सर्वांना सारखे आहेत, आपल्या सहकार्याबद्दल आभार. खाली तिचं नाव. तिने उत्तर उघडलं, 'सर्वांना सारखे' इथपर्यंत वाचलं आणि खुर्चीतून उठली. पाणी प्यायली. परत आली. पत्र तसंच पडून होतं.

जेवणाच्या सुट्टीत आत्याचा फोन आला. मागे साल कुटायचे ठोके ऐकू येत होते, मग ते एकदम थांबले. म्हणजे आठही जणी कान देऊन बसल्या होत्या.

"लुसेआने, आमच्या टोळीच्या नावाखाली एक ओळ आलीये. वाचून दाखवते. 'इंटरनेट बंद असल्याने एक दिवस सवलत.' ही कोणी लिहिली?"

"मी, आत्या."

"काल इंटरनेट बंद होतं?"

"नाही."

"मग?"

"तुम्हीच म्हणालात ना, येणार नाही म्हणून. मला वाटलं, तुम्हाला..."

"तुला वाटलं मी भीक मागतेय." आत्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तू उगाच दिवसभर त्या आकड्याकडे बघत झुरशील म्हणून सांगितलं होतं मी. आता नीट ऐक. सहा दिवस मी त्या होडीमागे धावले. गुडघे दुखतात तरी धावले. आणि सातव्या दिवशी सोडली. मी सोडली, कळलं? आणि तू जगाला लिहून दिलंस की तार तुटली. म्हणजे तार धड असती तर कालोलाइने चर्चच्या बाकावर बसून होड्या हाकत बसली असती?"

मागून कोणीतरी म्हणालं, "विचार तिला, मी कुठे होते म्हणून. मी तर समोरच्या बाकावर गात होते."

"ऐकलंस? आठजणींना तू खोटं पाडलंस. काढ ती ओळ."

"काढली तर तुम्ही शून्यावर जाल, आत्या. आजीची नक्षी..."

"शून्यावर कोणी मरत नाही. माझ्या आईचं कापड कितीदा फाटलं, ती किनारीपासून पुन्हा चिकटवायला बसायची. पण असल्या ओळीखाली तिचे पक्षी मी चढवू देणार नाही. काढ." ठोके पुन्हा सुरू झाले आणि फोन बंद झाला.

लुसेआनेला रडू आलं. रागाचं, लाजेचं, दोन्हींचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती ओळ काढायला दोन क्षण लागले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता. पण मग सुवाच्या पत्राखाली सही कोणत्या तोंडाने करायची? ती तशीच उठून पिपच्या खोलीत गेली. बसली नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. आत्या, रविवार, तार, सगळं.

पिप उंच, वाळकी बाई होती. पेनाचं टोपण उघडझाप करत तिने सगळं ऐकून घेतलं.

"नऊजणी शून्यावर जातील," ती म्हणाली. "सवलत चुकीने दिली होती असं जाहीर लिहावं लागेल. ही मोहीम तुझ्याकडून काढून घेतेय. आणि तुला लेखी ताकीद मिळेल. आणखी काही आहे?"

लुसेआनेने पहिला मसुदा टेबलावर ठेवला. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

पिपने वाचलं. पुन्हा वाचलं. "कोणतेही दोन दिवस. कारण न विचारता. हे खोडलं कोणी?"

"मीच. तू म्हणाली असतीस, हे तुझ्या लोकांसाठी आहे."

"म्हणाले असते," पिप म्हणाली. "मग मी आकडे बघितले असते. काल तीनशे बारा टोळ्या शून्यावर आल्यात, लुसेआने. त्यातल्या तुझ्या लोकांच्या किती? अकरा. बाकी सगळे पाळीवाले, तान्ही मुलं असलेले, आजारी. मी हे ठेवलं असतं. तू मला हो किंवा नाही म्हणायची संधीच दिली नाहीस."

 ते वाक्य चाबकासारखं लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

चालू मोहिमेत नियम बदलता येत नव्हता. खेळ अर्ध्यावर असताना सोंगट्या हलवणं हाही अन्यायच. पुढची मोहीम तीन आठवड्यांनी होती. तिच्या मसुद्यात दोन मुक्काम पहिल्या ओळीत आले. पिपने विचारलं, "कारणाचा रकाना ठेवायचा?" लुसेआने म्हणाली, "नको. कोणाला खोटं बोलायला लावायचं नाही." सुवाच्या पुढाऱ्याला तिने स्वतः लिहिलं. या वेळी काही होणार नाही, नियमच चुकीचा होता, तो मी केला होता, पुढच्या खेपेला तुमच्या नर्सला दोन दिवस मोकळे आहेत. ठरलेली आभाराची ओळ तिने गाळली.

नऊ होड्यांपुढे शून्य आलं. आत्याने ना फोन केला ना निरोप. फक्त शुक्रवारी आजीच्या कापडाचा एक फोटो आला, वाकड्या पंखाच्या बाजूने घेतलेला, आणि खाली तीन शब्द: जागा राखून ठेव.

दुसरा रविवार उजाडला. आई पांढऱ्या पोशाखात दारात आली, कमरेच्या चटईची दोरी आवळत.

"तयार नाही झालीस?"

लुसेआनेचा पाय टेबलाखाली हलत होता. सवयीने ओठांवर तेच आलं होतं. ते तिने गिळलं.

"नाही."

"सर्व्हर?"

"सर्व्हर ठीक आहे, आई. मला यायचं नाहीये. कधीच नव्हतं."

आईने दोरीची गाठ पुरी केली. तिला घाई नव्हती. शेजारीण बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत होती.

"तीन वर्षं," आई म्हणाली, "दर रविवारी मी उभी राहून त्या सर्व्हरसाठी प्रार्थना करायला सांगते. शंभर माणसं डोळे मिटतात. मागच्या ख्रिसमसला पाद्रींनी त्याचं नाव विचारलं."

लुसेआनेला हसू फुटलं आणि मध्येच त्याचं दुसरंच काहीतरी झालं. तिने तोंडावर हात धरला.

"आज काय सांगू त्यांना?"

"हेच सांग. बरा झाला म्हणून सांग. आणि ती आली नाही, कारण तिला यायचं नव्हतं."

आई रागावली होती, दिसत होतं. पण तिने वळून ओट्याकडे बोट दाखवलं. "पानं भरून ठेवलीत. अकराला ओव्हनमध्ये टाक. आणि नारळाचं दूध सांडू नकोस, दर वेळी सांडतेस."

गाडी निघून गेली. लुसेआने खुर्चीत बसून राहिली आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की पाय हलायचा थांबला आहे.