रेषेवरचा ठिपका

मोजणीताईने भिंतीवरच्या तक्त्यातल्या एका ठिपक्यावर बोट टेकवलं आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हा कोण गं?"

सांधेदुखीच्या दवाखान्यात सगळे तिला मोजणीताईच म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. कामच तसं होतं. कुठला पेशंट कुठे किती खोळंबतो ते घड्याळ लावून मोजायचं आणि मधल्या नसत्या खेपा छाटून टाकायच्या. वर्षभरात तिने पाच खिडक्यांच्या दोन केल्या, रक्ततपासणी आदल्या आठवड्यात नेली, हरवणाऱ्या फायलींना जागा नेमून दिली. पूर्वी अख्खी सकाळ खाणारं काम आता चाळीस मिनिटांत उरकत होतं. तक्त्यावरचे ठिपके, पेशंटमागे एक, गुणी मुलांसारखे चाळीस मिनिटांच्या रेषेखाली बसले होते. फक्त महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एक ठिपका उंडारत वर जाई, थेट अडीच तासांवर. सलग चार महिने.

"मला काय माहीत, ताई? टोकन निघालं की घड्याळ सुरू. कुणीतरी आधीच येऊन बसतं."

"वेळ ठरवून दिलेली असताना आधी कशाला येईल कुणी?"

"तुमचा तक्ता बिघडवायला," मुलगी हसली. मग तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. "आज पहिला मंगळवारच आहे की. हे बघा, साडेआठलाच एक टोकन गेलंय. नंबर तीन."

ताईला हसू आलं नाही. शुक्रवारी विभागप्रमुख बाईंना तक्ता दाखवायचा होता, आणि त्या नेमकं वाकड्या गोष्टीवर बोट ठेवत. कानामागे पेन खोचून ती तरातरा बाहेर आली.

बाहेरच्या खुर्च्या जवळजवळ रिकाम्या होत्या. खांबाआड, शेवटच्या खुर्चीवर तिची आई बसली होती. वाकड्या झालेल्या बोटांत तीन नंबरचं टोकन होतं.

"आई? तुझी वेळ अकराची आहे ना?"

चोरी पकडली गेल्यासारखी आई दचकली. "बस लवकर मिळाली."

"चारही महिने?"

आईने हात पर्सखाली सारले. "सकाळी बोटं आखडलेली असतात. घरी काही सुचत नाही. इथे बरं वाटतं."

ताईने मागे वळून पाहिलं. खांबाआडच्या त्या खुर्चीतून तिची काचेची खोली सरळ दिसत होती. टेबल, खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर.

"पेन अजून कानामागेच खोचतेस तू," आई म्हणाली. "शाळेत गणितं सोडवताना खोचायचीस. मला वाटलं होतं, सुटलं असेल."

पूर्वी ताई या दिवशी अर्धी रजा टाकून आईबरोबर यायची. पाच खिडक्या, पाच रांगा. तेवढ्या वेळात आई सगळ्या नातेवाइकांची उणीदुणी काढून मोकळी व्हायची, मग लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून डुलकी घ्यायची. ताई तिची बोटं एकेक करून चोळत बसायची. नवी व्यवस्था सुरू झाली तेव्हा तिने मोठ्या तोऱ्यात फोनवर सांगितलं होतं, "आता तुला माझी गरजच पडणार नाही बघ." आई म्हणाली होती, "हुशार गं माझी बाई." आणि दर पहिल्या मंगळवारी संध्याकाळी, किती वेळ लागला म्हणून विचारलं की, "पटकन झालं."

 त्या पाचही खिडक्या ताईला परत हव्याशा वाटल्या, त्यांच्या रांगांसकट.

ती शेजारी बसली. पर्सखालचा हात ओढून घेतला आणि करंगळीपासून चोळायला लागली.

"ऊठ, तुझं काम अडेल."

"कामच करतेय," ताई म्हणाली. "मामी काय म्हणते, ते सांग."

आईने जरा वेळ आढेवेढे घेतले. मग मामीपासून सुरुवात केली.

शुक्रवारी विभागप्रमुख बाईंनी सगळ्या तक्त्यावर नजर फिरवली आणि बोट अचूक वर गेलेल्या ठिपक्यांवर ठेवलं. आता त्यांत पाचवाही होता.

"याचं कारण सापडलं का?"

"नाही अजून," ताईने कानामागचं पेन काढलं. "दर महिन्याला तिथे जाऊन बसावं लागेल."

"किती वेळ?"

"अडीच तास तरी."